गायकवाड, भाऊराव कृष्णाजी

(१५ ऑक्टोबर १९०२ – २९ डिसेंबर १९७१). आंबेडकरी चळवळीतील अग्रणी नेते, संसदपटू आणि भूमिहीनांच्या सत्याग्रहाचे संघटक. ‘कर्मवीर’ आणि ‘दादासाहेब’ या नावांनी परिचित. जन्म नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात आंबे या गावी, एका महार कुटुंबात झाला.

नाशिकच्या काळाराम मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा, यासाठीचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. नेतृत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे होते, पण पुढची पाच वर्षे नाशकात तो चालता ठेवण्याचा भार मुख्यतः गायकवाडांनी वाहिला. पहिल्याच वर्षी रामनवमीच्या रथाचा दोर स्पृश्य व अस्पृश्य अशा दोन्ही बाजूंनी मिळून ओढायचा, असा समेट ठरला होता. प्रत्यक्षात सत्याग्रहींचा हात दोराला लागण्याआधीच रथ पळवला गेला आणि दगडफेक झाली. या लढ्यात स्त्रियाही मोठ्या संख्येने उतरल्या. मंदिर उघडले नाही. मात्र पुढे दीर्घकाळ चळवळीला पुरलेले कार्यकर्ते याच लढ्यात घडले आणि ही चळवळीची मोठी मिळकत म्हटली पाहिजे.

१९३७ साली आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते मुंबई विधानसभेवर निवडून आले. १९५६ साली त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही ते होते. १९५७ ते १९६२ या काळात ते लोकसभेचे सदस्य होते आणि त्यानंतर १९६८ पर्यंत राज्यसभेचे.

पायाखाली जमीन नसेल, तर गावात समतेने राहता येत नाही, हे त्यांच्या राजकारणाचे मुख्य सूत्र होते. महार वतनाच्या तुकड्यापायी पिढ्यान्‌पिढ्या गावकीची राबणूक करणारा समाज त्यांनी जवळून पाहिला होता. पडीक सरकारी जमीन भूमिहीनांना द्यावी, यासाठी त्यांनी १९५९ मध्ये मोठा सत्याग्रह उभारला. याच सुमारास ते ज्यात होते त्या रिपब्लिकन पक्षात फूट पडली. बी. सी. कांबळे यांच्या गटाला सनदशीर मार्ग आणि शिकलेले नेतृत्व हवे होते. धोतर नेसणाऱ्या गायकवाडांची भिस्त खेड्यातल्या शेतमजुरांवर आणि डाव्या पक्षांच्या सोबतीवर होती. डिसेंबर १९६४ पासून जमिनीचा हा लढा देशभर गेला. हजारो स्त्री-पुरुषांनी तुरुंग भरले. मागण्यांत पडीक जमिनीबरोबर शेतमजुरांना किमान वेतन, बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती आणि संसदेत बाबासाहेबांचे तैलचित्र यांचा समावेश होता. जातीचा प्रश्न आणि पोटाचा प्रश्न इतक्या थेटपणे एकत्र मांडणारे आंदोलन त्या काळात दुसरे क्वचितच सापडेल.

१९६७ मध्ये काँग्रेसशी त्यांनी केलेली युती अनेक अनुयायांना रुचली नाही. पक्षाची शकले त्यानंतर वाढत गेली. १९६८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. महाराष्ट्र शासनाने २००४ मध्ये त्यांच्या नावाने सबलीकरण व स्वाभिमान योजना सुरू केली. तीत भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची तरतूद झाली. बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध असून नाशिक सत्याग्रहाच्या अभ्यासाला ती अत्यंत मोलाची आहेत.