आधी टायर, मग उंची

मोठे टायर बसावेत म्हणून पिकअप उचलणं ही आज अमेरिकेत हौस आहे. सुरुवातीला ती निव्वळ अडचण होती. दुसऱ्या महायुद्धानंतर मिनियापोलिसची नॅप्को कंपनी शेव्हरोले-जीएमसीच्या साध्या ट्रकना फोर-व्हील ड्राइव्हचा संच विकत असे. पुढच्या एक्सलवर डिफरेन्शियल आलं, की इंजिनच्या चेंबरखाली त्याला जागा लागणार; म्हणून गाडी वर घ्यायची. १९५७ पासून शेव्हरोलेने तो संच कारखान्यातूनच द्यायला सुरुवात केली, १९५९ मध्ये फोर्डने स्वतःचा आणला. खरेदीदाराला ओढ हवी होती. उंची तिच्याबरोबर आली.

तिथून पुढे टायर वाढत गेले आणि मडगार्डला घासू लागले. मागच्या बाजूचा उपाय सोपा होता: एक्सल आणि स्प्रिंगच्या पाट्यांच्या मध्ये लोखंडी ठोकळा, वर लांब यू-बोल्ट. पुढे मात्र जाणता मेकॅनिक ठोकळा घालत नाही. ब्रेक दाबताना आणि वळताना त्याच्यावर जो जोर येतो, त्याने तो सरकू शकतो. पुढे जास्त कमानीचे नवे पाटेच हवेत.

ही हौस टोकाला नेली सेंट लुइसजवळ फोर-व्हील ड्राइव्हचं दुकान चालवणाऱ्या बॉब चँडलरने. त्याची १९७४ची फोर्ड एफ-२५० म्हणजे दुकानाची फिरती जाहिरात. तो ती अशी दामटायचा, की सारखं काहीतरी तुटायचं. अ‍ॅक्सिलरेटरवरच्या त्याच्या जड पायावरून गाडीला ‘बिगफूट’ नाव पडलं. टायरांचा त्यात काही संबंध नाही. मोठा टायर लावला की एक्सल मोडे, म्हणून लष्करी ट्रकचा एक्सल आला. तो आल्यावर आणखी मोठा टायर पेलवू लागला, आणि त्याला जागा करायला गाडी पुन्हा वर. १९८१ मध्ये ४८ इंची टायरांवरून त्याने शेतात दोन भंगार मोटारी चिरडल्या, त्याचं चित्रीकरण झालं आणि पुढे स्टेडियमं भरू लागली. त्यानंतरचे टायर ६६ इंची होते.

चँडलरची गाडी पाट्यांवर आणि अखंड एक्सलवर होती, म्हणून हे जमलं. टोयोटाने १९८६ साली आपल्या फोर-व्हील पिकअपचा पुढचा अखंड एक्सल काढला, शेव्हरोलेने १९८८ मध्ये. आता प्रत्येक चाक आपापलं खालीवर होणार. प्रवास मऊ झाला, उचलणारे मात्र अडकले. स्प्रिंगचं काम करणारा टॉर्शन बार आवळला की इंच-दोन इंच मिळतात, पण चाकाला खाली झुकायला जागा उरत नाही, शाफ्टचे सांधे तिरके पडतात आणि खड्ड्यागणिक ठोका ऐकू येतो. चार-सहा इंच हवे असतील तर ब्रॅकेट लावून डिफरेन्शियल आणि आर्म खाली आणायचे, त्यासाठी चासीचा आडवा तुकडाही अनेकदा कापावा लागतो. वैतागून काहींनी सगळं उपटून जुन्या टोयोटाचा अखंड एक्सलच परत बसवला!

बॉडी आणि चासीमध्ये गोल ठोकळे घालून तीन इंच उचलणं सगळ्यांत स्वस्त. बंपरवर दिसणारी फट मला खटकते, पण इंजिन-गिअरबॉक्स जागेवरच राहतात आणि गाडीची चाल फारशी बिघडत नाही.

आपल्याकडची ओळखीची तऱ्हा जिप्सीची. तिचे पाटे कंपनीतून एक्सलच्या खाली येतात. यू-बोल्ट सोडायचे, एक्सलवर वरच्या बाजूने नव्या बैठका वेल्ड करायच्या, पाटे वर घ्यायचे: गाडी पाचेक इंच उठते. मग स्टीअरिंगचा रॉड तिरका होतो, त्याची वेगळी दुरुस्ती. शिवाय कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असे बदल करता येत नाहीत, हे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे.

म्हणून आधी टायर ठरवावा, मग पुढचा एक्सल कुठल्या जातीचा आहे ते खाली वाकून पाहावं. सहा इंच उचललं तरी डिफरेन्शियल जमिनीपासून तेवढं वर जात नाही. ३१ इंची टायरच्या जागी ३३ इंची आला, की ते फक्त एक इंच चढतं. स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी जवळजवळ ६४ ने धावत असेल, आणि चढाला दम लागेल. ते भरून काढायला डिफरेन्शियलच्या दातांचं प्रमाण ३.७३ वरून ४.१० ला न्यावं लागतं, तेही पुढचं आणि मागचं दोन्ही.