अंगठ्यांची तालीम

मेढ्याच्या एस. टी. स्थानकावर एखादा पोरगा मोबाईलवर बंदुकीचा खेळ खेळताना दिसला, तर त्याचे अंगठे पाहावेत. डावा चालतो, उजवा नेम धरतो. या वाटणीलाही इतिहास आहे.

संगणकावर १९९६ च्या 'क्वेक'पासून नेम धरणे हे माउसचे काम ठरत गेले. टीव्हीला जोडायच्या खेळयंत्राजवळ सहसा माउस नसे. १९९७ साली निन्टेन्डोवर आलेल्या 'गोल्डनआय'मध्ये एकाच दांडीने चालायचे आणि वळायचेही. बारीक नेम धरायचा तर निराळे बटण दाबून थांबायचे. लोक त्यालाही सरावले. २००० साली प्लेस्टेशनवरील 'एलियन रिझरेक्शन'ने डाव्या दांडीला चाल दिली, उजवीला नजर. एका परीक्षकाला या भीतिदायक खेळातली सर्वांत भयंकर गोष्ट हीच वाटली! पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २००१ मध्ये, एक्सबॉक्सवर 'हेलो' आला. मांडणी तीच; आणि ती रूढ झाली.

सवय लागली, असे म्हणून आपण मोकळे होतो. मला ते अर्धेच पटते. 'हेलो'त नेम शत्रूजवळ गेला की यंत्र हळूच हात देई. कासरा सोडून ट्रॅक्टरचे चाक धरणाऱ्या जावळीच्या शेतकऱ्याला एवढी सवलत कोणी दिली नव्हती.

२००६ च्या 'वी' यंत्राने रिमोटच पडद्यावर रोखायला लावला. ती तऱ्हा फारशी टिकली नाही. २०१८ च्या 'पबजी मोबाईल'मध्ये तर दांडीचे नुसते चित्र उरले. काचेवर तिची कड बोटाला लागत नाही. तेव्हा पोरांनी दोन्ही तर्जन्याही कामाला जुंपल्या.