आडनावातील गाव आणि आईचे घराणे : पेण-रोहा परिसरातील बेने इस्राएल पूर्वजांचा शोध

प्रस्तावना :

बेने इस्राएल हा कोकणातील मराठीभाषक ज्यू समाज होय. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारी काम बंद ठेवण्याची धर्माज्ञा यांमुळे गावोगावी तो 'शनवार तेली' म्हणून ओळखला जाई. पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यातील गावांवरून या समाजाची आडनावे पडली. पेणवरून पेणकर, रोह्यावरून रोहेकर आणि रोह्याला लागून असलेल्या अष्टमीवरून अष्टमकर, ही त्यांपैकी काही होत. एकोणिसाव्या शतकातील पूर्वजाचा माग घरातील कागदपत्रांवरून कितपत लागतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

साधने व त्यांच्या मर्यादा :

आडनाव पूर्वजाचे गाव सांगते; कूळ सांगतेच असे नाही. दिवेकर हे आडनाव बेने इस्राएलांत आहे, तसेच चित्पावनांतही आहे. शिवाय मुंबईत स्थायिक झालेल्या अनेक कुटुंबांनी गावाचे नाव सोडून आजोबांचे नाव आडनाव म्हणून घेतले. तेथे गावाचा धागा सुटतो.

दुसरी अडचण व्यक्तिनामांची आहे. मुंबईतील पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये उभारणारे सॅम्युअल इझिकेल दिवेकर हे सामाजी हसाजी या नावानेही ओळखले जात. त्याचप्रमाणे अब्राहमचा आबाजी आणि बेंजामिनचा बनाजी होई. त्यामुळे एका कागदातील बनाजी व दुसऱ्यातील बेंजामिन या एकाच व्यक्ती आहेत काय, हे पित्याचे नाव व गाव जुळवूनच ठरवावे लागते.

कालनिर्णयही सावधपणे करावा लागतो. थडग्यावरील हिब्रू वर्षातून ३७६० वजा केल्यास स्थूलमानाने इसवी सन मिळतो. उदाहरणार्थ, ५६२३ म्हणजे १८६३. हिब्रू वर्ष शरद ऋतूत सुरू होत असल्याने वर्षारंभीच्या महिन्यांत मात्र एका वर्षाचा फरक पडतो. मराठी कागदातील शकात ७८ मिळवावे लागतात. पूर्वज मुंबई इलाख्याच्या सैन्यात असल्यास लष्करी नोंदींचाही आधार मिळू शकतो.

मातृकुळाचा प्रश्न :

वरील सर्व साधने प्रामुख्याने पित्याकडील वंश दाखवितात. ज्यू धर्मशास्त्रानुसार मात्र ज्यूपण आईकडून येते. या विसंगतीचे परिणाम इस्रायलमध्ये स्थलांतरित झालेल्या कुटुंबांना भोगावे लागले. बेने इस्राएल व्यक्तीचा अन्य ज्यूंशी विवाह लावण्यापूर्वी तिच्या आईची, आजीची व शक्य तितक्या मागील पिढ्यांची चौकशी करावी, अशा सूचना तेथील प्रमुख धर्मपीठाने १९६० च्या दशकाच्या आरंभी दिल्या. त्याविरुद्ध समाजाने आंदोलन केले. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर धर्मपीठाने सूचनांतील या समाजाचा नामनिर्देश वगळला.

आजीच्या आईचे नाव सांगणारा कागद कोणत्या घरी असणार? विवाहाच्या करारपत्रात, म्हणजे केतुब्यात, वधूच्या नावापुढे तिच्या पित्याचे नाव असते, आईचे नसते. म्हणून मातृकुळाचा शोध एका घराच्या पेटीत पुरा होत नाही. आईच्या केतुब्यातून तिच्या पित्याचे नाव कळते. त्या पित्याचा केतुबा मिळाल्यास आजीचे व तिच्या पित्याचे नाव कळते. प्रत्येक पायरीला आडनाव आणि बहुधा गावही बदलते. पेणच्या घराचा शोध रोह्यास आणि तेथून अष्टमीस जाऊ शकतो. यांपैकी एका घराचाही केतुबा हरवला, की साखळी तुटते.

निष्कर्ष :

हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेला बेने इस्राएलांचा इतिहास १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रकाशित झाला. समाजाचा इतिहास अशा ग्रंथातून टिकतो. आजीचे नाव मात्र घरच्या कागदावर आणि दफनभूमीतील शिळेवरच उरते. १९४८ नंतरच्या स्थलांतराने कागद समुद्रापार गेले आणि शिळा कोकणात राहिल्या. त्या शिळांवरील स्त्रियांची नावे प्रथम टिपून घेणे आणि ती इस्रायलमधील घरांतील केतुब्यांशी जुळवणे, हे स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांपुढील निकडीचे कार्य आहे. कागदाची नक्कल काढता येते. झिजलेले अक्षर पुन्हा वाचता येत नाही.