खडकांवर चढणारी छोटी गाडी आणि तिच्या दांड्या

यंत्रांचा इतिहास लिहिणाऱ्यांची दृष्टी बहुधा इंजिनावर, चाकांवर, फार तर सांगाड्यावर स्थिरावते. सांगाडा आणि ॲक्सल ह्यांना जोडणाऱ्या साध्या दांडीची नोंद सहसा कोणाच्या दप्तरी होत नाही. रेडिओच्या आज्ञेने चालणारी, हात-दीड हात लांबीची आणि धावण्याऐवजी कूर्मगतीने खडकांवर चढणारी जी खेळगाडी ‘रॉक क्रॉलर’ ह्या नावाने प्रसिद्ध आहे, तिच्या बाबतीत मात्र ही उपेक्षा अन्यायाची ठरेल. कारण हा छंद आरंभी कोणा कारखानदाराने बेत आखून निर्माण केला नाही, तर भलत्याच कामासाठी विकत आणलेल्या गाड्यांच्या दांड्या उपसून त्यांच्या जागी आपल्या हातांनी कापलेल्या दांड्या बसवणाऱ्या हौशी लोकांनी तो आकाराला आणला.

ह्या छोट्या गाड्यांचे पूर्वज अर्थातच थोराड होते. १९५३ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील जॉर्जटाउनहून पंचावन्न जीपगाड्यांचा काफिला रुबिकॉनच्या खडकाळ वाटेने टाहो सरोवराकडे निघाला, आणि दुर्गम वाटेवरून गाडी नेणे हाच ज्याचा हेतू असा एक वार्षिक उत्सव तेथे रूढ झाला. त्या काळच्या जीपगाड्या कमानपाट्यांवर उभ्या असत. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत ज्यांची जुळणी आरंभली त्या विलीज गाड्याही ह्याच घडणीच्या. कमानपाटा एकाच वेळी दोन चाकऱ्या करतो: गाडीचा भार पेलतो आणि ॲक्सलला आपल्या जागेवर धरूनही ठेवतो. पण तो ताठर. एक चाक कमरेइतक्या दगडावर आणि दुसरे खळग्यात, असा प्रसंग आला की त्याची लवचिकता संपते. वेटोळी स्प्रिंग ह्या कामी अधिक उदार खरी, परंतु ती केवळ भार पेलते आणि ॲक्सलला धरून ठेवण्याची जबाबदारी मुळीच पत्करत नाही. म्हणून १९७० च्या रेंज रोव्हरमध्ये आणि पुढे १९९६ साली नव्या रूपात आलेल्या जीप रँग्लरमध्ये चारी चाकांवर वेटोळ्या स्प्रिंगा आल्या, तेव्हा त्यांच्या जोडीला दांड्यांचा स्वतंत्र बंदोबस्त करणे क्रमप्राप्त झाले.

आता छोट्या गाडीकडे वळू. जपानमधील शिझुओका येथे १९४६ साली लाकडाच्या व्यापारातून सुरू झालेल्या तामिया ह्या पेढीने १९८७ मध्ये ‘क्लॉड बस्टर’ नावाची अवाढव्य चाकांची खेळगाडी बाजारात आणली. तिच्या निर्मात्यांपुढे आदर्श होता तो अमेरिकेतील राक्षसी ट्रकांच्या तमाशाचा; खडक चढण्याचा विचार त्यांच्या मनात असल्याचे दिसत नाही. परंतु तिच्यात एक गोष्ट अशी होती की जिचे मोल पुढे इतरांनी ओळखले: प्रत्येक ॲक्सलवर स्वतंत्र मोटर बसवलेली होती. मधल्या गिअरपेटीतून निघून ॲक्सलपर्यंत जाणारा फिरता दंड तेथे नव्हताच. त्यामुळे ॲक्सल पुढे सरकवा, मागे सरकवा, दांडी हवी तेवढी लांब करा, आडकाठी करणारे काही उरले नाही. छांदिष्टांनी मूळ सांगाडा काढून टाकला, धातूच्या पत्र्यातून नवा कापला आणि दोन्ही ॲक्सल लांब दांड्यांनी त्याला जोडले.

ह्या घरगुती दांडीची कृती सोपी होती. आटे पाडलेला बारीक पोलादी गज घ्यावा, त्याच्यावर ॲल्युमिनियमची पोकळ नळी मापाने कापून चढवावी, दोन्ही टोकांना गोळी बसवलेले प्लॅस्टिकचे सांधे फिरवून आवळावेत. नळी नसेल तर गजाचे आटे दगडाच्या कंगोऱ्यांना अडकत आणि चढण अर्ध्यावर थांबे.

प्रत्येक ॲक्सलला वर-खाली मिळून दांड्या चारच का, आणि त्याही तिरप्या का, हे समजल्याशिवाय पुढचा इतिहास उमगणार नाही. मोटर चाकांना पुढे फिरवू लागली की प्रतिक्रियेने ॲक्सलचे घर उलट दिशेला फिरू पाहते. मागच्या ॲक्सलपुरते बोलायचे तर वरच्या दांड्यांवर ताण पडतो आणि खालच्यांवर दाब. दाबाखाली प्लॅस्टिकची लांब दांडी धनुष्यासारखी वाकते, आणि चाक नेमके ज्या क्षणी दगडाला चिकटून राहावयास हवे त्याच क्षणी ते आपली जागा सोडते. दांड्या टोकांशी एकमेकींकडे कलत्या बसवल्या म्हणजे ॲक्सल आडवा सरकत नाही. आणि वरच्या व खालच्या दांड्यांमधील कोन किती ठेवावा ह्यावर, जोर लावताच गाडीचा मागचा भाग उचलला जाईल की बसेल, हे ठरते. सुकाणूचे यंत्र ॲक्सलवर न ठेवता सांगाड्यावर बसवले, तर आणखी एक आडवी दांडी लागते, ती निराळीच.

२००७ साली ॲक्झियल कंपनीने ‘एएक्स-१० स्कॉर्पियन’ हा केवळ खडकांसाठी योजलेला संच आणला आणि जे काम तोवर घरच्या माळ्यावर चाले ते दुकानात येऊन बसले. त्यात मोटर मध्यभागी गेली, फिरते दंड परत आले आणि त्यांच्यासोबत, जोर लावताच सांगाडा एका कुशीला कलण्याचा जुना दोषही आला. स्पर्धांचे वर्ग चाकांच्या मापावरून, २.२ इंच व १.९ इंच असे पडले. दांडीचे नाव कोणत्याही वर्गाला मिळाले नाही.

धातूंची कहाणी मला सर्वांत मनोरंजक वाटते. शर्यतीच्या गाडीत हलकेपणा हा गुण, म्हणून प्रथम ॲल्युमिनियमचा बोलबाला झाला. पण ते मऊ, दगडावर घासून त्याला चरे पडत आणि पुढल्या वेळी त्याच चऱ्यांत दगड अडके. खालची दांडी जमिनीजवळ असते, तेव्हा ती जड असणे हा अवगुण नसून गाडी न उलटण्याचा उपायच आहे, हे ध्यानी आल्यावर स्टेनलेस पोलाद पुढे आले. टायटेनियम बळकट आणि महाग. तर डेलरिन ह्या प्लॅस्टिकची दांडी वाकून पुन्हा सरळ होते व दगडावरून सहज घसरते, म्हणून तिलाही अनुयायी आहेत. दगडाला पोट लागू नये म्हणून खालच्या दांडीला मुद्दाम बाक देण्याची प्रथाही ह्याच ओघात पडली.

पुढे हुबेहूब मोटारींची कवचे चढवलेल्या गाड्यांची आवड वाढली. २०१६ च्या ॲक्झियल ‘एससीएक्स-१० टू’च्या दोन ॲक्सलांमधील अंतर ३१३ मिलिमीटर, २०१७ च्या ट्रॅक्सस ‘टीआरएक्स-४’चे ३२४, आता ह्याच मापांचे तयार दांड्यांचे संच विकत मिळतात. तरीही एखाद्याला आपल्या आवडीच्या जुन्या जीपचे कवच चढवायचे असते आणि तिचे माप ह्या दोहोंत बसत नाही. मग तो नळी आणतो, हॅकसॉने कापतो आणि टोक कानसीने साफ करतो.