अनोळखी रंगांशी मैत्री : नवशिक्यांसाठी माध्यमांची ओळख

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांची प्रमाणपत्रे महाराष्ट्रातील कित्येक घरांत कपाटाच्या तळाशी जपून ठेवलेली असतात. स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि कर्तव्यभूमिती यांच्या तयारीत एकेकाळी अनेक रविवार गेलेले असतात. पुढे दहावी येते, नोकरी येते, संसार येतो आणि रंगपेटी मागे पडते. चाळिशी-पन्नाशीत ती पुन्हा उघडावीशी वाटते, तेव्हा मात्र हात अडखळतो. पहिल्याच जलरंगचित्रात डाग पडतात, कागद फुगतो आणि 'आपल्या हातात कला नाही' असे ठरवून पेटी पुन्हा कपाटात जाते.

हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो. पातळ कागदावर पाणी पडले की तो फुगतोच. त्यात हाताचा दोष नसतो. प्रत्येक माध्यमाला स्वतःचा स्वभाव असतो. काही माध्यमे चुका पोटात घालतात, काही एकही चूक लपवू देत नाहीत. कोणता दोष माध्यमाचा आणि कोणता सरावाच्या अभावाचा, हे कळू लागले की भीती ओसरते. त्यामुळे क्षमाशील माध्यमे आधी आणि काटेकोर माध्यमे नंतर, हा क्रम नवशिक्याला सोयीचा ठरतो.

चारकोल : खोडण्याची मुभा

जळालेल्या काडीचा कोळसा हे चित्रकलेतील अतिप्राचीन साधन. काडीचा चारकोल कागदावर सैल बसतो. बोटाने पसरतो, कापडाने पुसला जातो आणि मळून वापरायच्या मऊ खोडरबराने उचलताही येतो. कागदभर राखाडी छटा पसरवून त्यातून खोडरबराने उजेड 'काढणे' हा आरंभीचा उत्तम सराव आहे. त्यामुळे रेषेऐवजी छायाप्रकाश पाहण्याची सवय लागते. कागद मोठा घ्यावा आणि हात मनगटाऐवजी खांद्यापासून फिरवावा. वहीच्या पानावर आखडलेला हात येथे मोकळा होतो. पूर्ण झालेल्या चित्रावर फिक्सेटिव्ह फवारले नाही तर ते पुसले जाते.

ऑइल पेस्टल : पाण्याविना रंग

ऑइल पेस्टलचा उगम १९२० च्या दशकात जपानमध्ये झाला, तो मुख्यतः शाळकरी मुलांसाठी. ब्रश, पाणी, वाळण्याची वाट पाहणे यांपैकी काहीही यात लागत नाही. एकावर एक रंग चढवता येतात, बोटाने मिसळता येतात आणि वरचा थर टोकदार वस्तूने खरवडून खालचा रंग उघडा करता येतो. बारीक तपशील मात्र यात साधत नाही. नवशिक्याच्या दृष्टीने हा दोष नसून सोय आहे, कारण डोळा आपोआप मोठ्या आकारांकडे वळतो. हे रंग पूर्णपणे कडक होत नाहीत, त्यामुळे चित्रावर पातळ कागद ठेवून ते जपावे आणि उन्हापासून दूर ठेवावे.

पोस्टर कलर आणि अ‍ॅक्रिलिक

पोस्टर कलर शाळेपासून परिचयाचे असतात. ते अपारदर्शक असल्याने गडद रंगावर फिका रंग लावता येतो. वाळलेला रंग पाणी लागताच पुन्हा सुटतो, म्हणून दुसरा थर कमी पाण्यात आणि हलक्या हाताने द्यावा. फार जाड लावल्यास भेगा पडतात.

अ‍ॅक्रिलिकचा स्वभाव याच्या उलट आहे. पाण्यात मिसळणारे हे रंग १९५० च्या दशकात अमेरिकेत बाजारात आले. ओले असताना ते पाण्याने धुतले जातात, पण वाळल्यावर त्यांचा प्लास्टिकसारखा थर बनतो आणि तो पुन्हा सुटत नाही. त्यामुळे बिघडलेल्या भागावर निर्धास्तपणे नवा रंग चढवता येतो. हा रंग वाळताना किंचित गडद होतो आणि ब्रशवर वाळला तर ब्रश वाया जातो. काम चालू असताना ब्रश ओला ठेवावा आणि काम संपताच धुवावा.

जलरंग : सर्वांत सोपे भासणारे, सर्वांत अवघड

बहुतेक जण सुरुवात जलरंगापासून करतात आणि तेथेच थांबतात. जलरंग पारदर्शक असतो. चित्रातील पांढरा रंग म्हणजे कोरा राखलेला कागद. म्हणून फिक्याकडून गडदाकडे जावे लागते आणि उजेडाच्या जागा आधीच ठरवाव्या लागतात. अर्धवट वाळलेल्या रंगात जास्त पाणी पडले की फुलकोबीसारख्या कडांचा डाग उमटतो. 'रंग बिघडला' असे ज्याला म्हटले जाते, ते पुष्कळदा हेच असते. रंग पूर्ण ओला असताना किंवा पूर्ण वाळल्यावरच त्याला हात लावावा, एवढा एक नियम पाळला तरी निम्मे डाग टळतात. वाळल्यावर रंग फिका होतो, हेही आधी जमेस धरावे.

कागद ३०० जीएसएम जाडीचा असावा; तो कडांनी फळीवर चिकटपट्टीने बसवल्यास कमी फुगतो. हवामानाचाही परिणाम होतो. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत रंगाचा थर बराच वेळ ओला राहतो, तर उन्हाळ्यात विदर्भाच्या कोरड्या हवेत तो झरझर वाळतो.

या माध्यमाची उंची पाहायची तर सावंतवाडीत जन्मलेले चित्रकार सा. ल. हळदणकर (१८८२-१९६८) यांचे, हातात समई घेतलेल्या स्त्रीचे चित्र पाहावे. 'ग्लो ऑफ होप' या नावाने प्रसिद्ध असलेले हे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील संग्रहात आहे. अनेक जण ते राजा रविवर्मा यांचे तैलचित्र समजतात.

तैलरंग : सावकाशीचे माध्यम

तैलरंगातील तेल हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन घट्ट होते. त्याला दिवस, प्रसंगी आठवडे लागतात. तोवर रंग मिसळता, पुसता, बदलता येतो. पातळ, कमी तेलाचा थर खाली आणि जास्त तेलाचा थर वर, हा नियम मोडल्यास पुढे चित्राला भेगा पडतात. टर्पेंटाइन वापरताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून टाकणे धोक्याचे असते, कारण तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. अशा चिंध्या मोकळ्या हवेत पसरून वाळवाव्यात किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवाव्यात.

एकच तांब्या, पाच वेळा

माध्यमांची खरी ओळख करून घेण्याचा एक साधा उपाय आहे. घरातील एखादा तांब्या खिडकीजवळ, एकाच जागी, एकाच वेळच्या उजेडात ठेवावा आणि तो प्रत्येक आठवड्यात वेगळ्या माध्यमात काढावा. वस्तू तीच, हात तोच. त्यामुळे चित्रांत जो फरक दिसतो तो बहुतांशी माध्यमाचा असतो. चारकोलमध्ये तांब्याचा गोलवा सहज येतो, पेस्टलमध्ये धातूचा रंग खुलतो, जलरंगात त्यावरची चमक राखताना दमछाक होते. पाचही चित्रांवर तारीख घालून ती जपून ठेवावीत. सहा महिन्यांनी हाच तांब्या पुन्हा काढावा. दोन्ही संच शेजारी ठेवले की झालेली प्रगती दुसऱ्या कोणी सांगावी लागत नाही.

खाडाखोडीतून चित्रकार

उशिरा सुरुवात करणाऱ्यांनी रवींद्रनाथ टागोरांचे उदाहरण आठवावे. त्यांनी चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते. हस्तलिखितातील खोडलेल्या शब्दांना ते आकार देत. १९२४ च्या सुमारास 'पूरबी'च्या हस्तलिखितात या खाडाखोडीतून पशुपक्षी आणि चेहरे उमटू लागले. साठी उलटल्यावर ते गांभीर्याने चित्रे काढू लागले आणि १९३० मध्ये पॅरिसच्या पिगाल कलादालनात त्यांचे पहिले प्रदर्शन भरले. पुढे त्यांच्या चित्रांची संख्या दोन हजारांच्या वर गेली. चूक लपवण्याऐवजी तिच्यातून पुढचा आकार शोधणे, हीच त्यांची सुरुवात होती.

हे लक्षात ठेवावे

- आरंभी लाल, पिवळा, निळा आणि पांढरा एवढेच रंग घ्यावेत. उरलेले मिसळून तयार करावेत. जलरंगात पांढराही लागत नाही.
- खर्च करायचाच तर रंगांच्या संख्येपेक्षा कागदावर करावा.
- एक माध्यम किमान चार-पाच चित्रे होईपर्यंत सोडू नये.
- आठवड्यातून एकदा चार तास बसण्यापेक्षा रोजची वीस मिनिटे अधिक उपयोगी पडतात.
- फसलेली चित्रे फाडू नयेत. त्यांच्या मागे कोणते माध्यम, कोणता कागद आणि काय बिनसले, ते लिहून ठेवावे. पुढच्या चित्राची तयारी तेथूनच सुरू होते.