शेळीच्या दुधावर वासरांचे संगोपन

गाईच्या किंवा म्हशीच्या वासराला आईच्या दुधाऐवजी, पूर्णतः वा अंशतः, शेळीचे दूध पाजून दूध तुटेपर्यंत वाढविण्याची पद्धत. गाय विताना दगावली, तिला दगडी झाली, पहिलारू गाईने वासराला लाथाडले किंवा तिचे सगळे दूध डेअरीला घालायचे ठरले, की वासरू ‘वरच्या दुधावर’ येते. हे वरचे दूध बहुधा दुसऱ्या गाईचे, दूधभुकटीचे किंवा मिल्क रिप्लेसरचे असते. गोठ्याशेजारी शेळ्या असतील तेथे ते शेळीचे असते. ब्रिटन व अमेरिका येथील छोट्या शेतांवर दुभत्या शेळ्यांचे जास्तीचे दूध जर्सी किंवा होल्स्टीन वासरांना पाजण्याची रीत रुळलेली आहे. भारतात ती पद्धत म्हणून कमी आणि अडचणीतला उपाय म्हणून अधिक आढळते.

वासराच्या तोंडचे दूध आणि शेळीचे दूध यांचा संबंध भारतात एका वेगळ्याच कारणाने प्रसिद्ध आहे. कलकत्त्याच्या गवळ्यांकडे गाईचा पान्हा सोडविण्यासाठी चालणाऱ्या ‘फुंका’ या क्रूर प्रकाराविषयी वाचल्यावर महात्मा गांधींनी दक्षिण आफ्रिकेत १९१२ मध्ये दूध वर्ज्य केले. पुढे मोठ्या दुखण्यातून उठताना माथेरानच्या हवेचाही उपयोग झाला नाही. मुंबईत डॉक्टरांनी दुधाचा आग्रह धरला, तेव्हा प्रतिज्ञा गाई-म्हशींच्या दुधाची होती, शेळीच्या नव्हे, ही वाट कस्तुरबांनी दाखविली. १९१९ च्या आरंभापासून ते शेळीचे दूध घेऊ लागले. प्रतिज्ञेचे शब्द पाळले, आत्मा नाही, अशी खंत त्यांनी स्वतःच आत्मकथेत नोंदविली आहे.

दुधाची रचना : गाईच्या दुधात स्निग्धांश सु. ३.५–४.५%, प्रथिने ३.२–३.५% व दुग्धशर्करा ४.७% असते. शेळीच्या दुधात ही प्रमाणे अनुक्रमे सु. ३.८–४.५%, ३.४–३.६% व ४.१–४.५% अशी असतात. जात, वेताचा काळ व चारा यांप्रमाणे आकडे बदलतात, पण मोठा फरक पडत नाही. त्यामुळे गाईच्या वासराला शेळीचे दूध पाणी न घालता, जसेच्या तसे देता येते. शेळीच्या दुधातील स्निग्ध कण सरासरीने लहान असतात आणि त्यांना एकत्र आणणारे प्रथिन त्यात जवळजवळ नसते, म्हणून साय सावकाश धरते. त्यातील कॅप्रोइक, कॅप्रिलिक व कॅप्रिक या वसाम्लांची नावे शेळीच्या लॅटिन नावावरूनच पडली आहेत. विशिष्ट वास काहीसा त्यांच्यामुळे येतो. तो माणसाला खटकतो, वासराला सहसा खटकत नाही. कॅरोटिनाचे रूपांतर अ-जीवनसत्त्वात झालेले असल्याने दूध पांढरेशुभ्र दिसते.

शेळीचे दूध ‘पचायला हलके’ असा लौकिक आहे. पुष्कळ शेळ्यांच्या दुधात आल्फा-एस१ केसीन कमी असते, त्यामुळे दही मऊ धरते, हे त्यामागचे कारण. मात्र जे तान्ह्या मुलाला सोयीचे ते वासरालाही तितकेच सोयीचे, असे लगेच म्हणता येत नाही. वासराच्या चौथ्या पोटात कायमोसीन या विकराने दुधाची घट्ट गुठळी बनते व ती तासन्‌तास थोडीथोडी विरघळते. गुठळी मऊ असेल तर पोट लवकर रिकामे होण्याकडे कल राहतो. तेच दूध दोनऐवजी तीन वेळा विभागून पाजावे, हा अनुभवी लोकांचा आग्रह यामुळे सयुक्तिक ठरतो.

फॉलिक अम्ल व ब१२ जीवनसत्त्व शेळीच्या दुधात कमी असतात. केवळ या दुधावर वाढलेल्या मुलांत होणारा रक्तक्षय वैद्यकात परिचित आहे. वासराचे पहिले पोट, म्हणजे कोठीपोट, काम करू लागले की तेथील सूक्ष्मजीव ब-गटाची जीवनसत्त्वे तयार करतात, म्हणून प्रश्न पहिल्या काही आठवड्यांपुरताच असतो. लोह सर्वच दुधांत कमी असते. कोवळा चारा व आंबोण लवकर सुरू करण्यामागे हेही एक कारण आहे.

चीक : या पद्धतीचे यश पहिल्या दिवशीच ठरते. गाईच्या वारेतून प्रतिपिंडे गर्भाकडे जात नाहीत. वासरू रोगप्रतिकाराच्या दृष्टीने जवळजवळ रिकाम्या हाताने जन्मते आणि ती शिदोरी त्याला चिकातून मिळते. आतड्याच्या अस्तरातून ही मोठ्या आकाराची प्रथिने रक्तात शिरण्याची सोय पहिल्या सहा तासांत उत्तम असते, नंतर झपाट्याने घटते व सु. चोवीस तासांत बंद होते. वजनाच्या एक-दशांश चीक पहिल्या दिवसात, त्यातही निम्मा पहिल्या दोन-तीन तासांत, पोटात जावा.

चीक गाईचाच असावा. आई नसेल तर त्याच गोठ्यातील, शक्यतो तिसऱ्या-चौथ्या वेताच्या गाईचा, कारण तिने त्या गोठ्यातल्या जंतूंना तोंड दिलेले असते. गोठवून ठेवलेला चीक अनेक महिने टिकतो. कोमट पाण्यात भांडे ठेवून तो वितळवावा, विस्तवावर नाही, कारण उकळलेला चीक म्हणजे खरवस आणि खरवसात प्रतिपिंडे उरत नाहीत. (शेजारीपाजारी खरवस वाटण्याच्या हौसेपायी वासराच्या वाट्याचा चीक कमी पडतो, हे गोठ्यात वारंवार दिसणारे चित्र आहे.) शेळीचा चीक शेवटचा पर्याय होय. तो थोडा निघतो, करडांना हवा असतो आणि त्यातील प्रतिपिंडे शेळीने पाहिलेल्या रोगांविरुद्धची असतात. एक अंडे, पाणी, अर्धा चमचा एरंडेल व दूध यांचे मिश्रण जुन्या पाठ्यपुस्तकांत चिकाला पर्याय म्हणून दिलेले आढळते. त्याने पोषण होते व पोट साफ होते, प्रतिकारशक्ती मिळत नाही.

उलट प्रकार, म्हणजे करडांना गाईचा चीक व दूध पाजणे, अधिक अभ्यासलेला आहे. शेळ्यांतील सांधे व मेंदू यांचा विषाणुजन्य दाह आईच्या दुधातून करडांना होतो. तो टाळण्यासाठी करडे जन्मतःच वेगळी करून त्यांना ५६° से. तापमानाला तासभर ठेवलेला चीक व पुढे निर्जंतुक दूध देतात. गाईच्या चिकातील काही प्रतिपिंडे करडाच्या तांबड्या पेशींवर उलटून रक्तक्षय झाल्याची उदाहरणे क्वचित आढळली आहेत.

पाजण्याची रीत : रोजचे दूध वासराच्या वजनाच्या सु. एक-दशांश, म्हणजे ३० किग्रॅ. वजनाच्या संकरित कालवडीला ३ लिटर. दूध धारोष्ण दुधाइतके कोमट, ३८–३९° से. असावे. गार दूध हे हगवणीचे नेहमीचे कारण आहे. बाटलीने पाजताना वासराची मान आईला पिताना असते तशी वर राहील असे पाहावे. चोखताना अन्ननलिकेच्या टोकाची खाच मिटून पन्हळ तयार होते व दूध कोठीपोट टाळून थेट चौथ्या पोटात उतरते. घाईने ओतलेले दूध कोठीपोटात सांडते, तेथे आंबते आणि पोट फुगते. बादलीची सवय लावताना दुधात बोट धरून ते चोखायला देतात. गाईच्या दुधावरून शेळीच्या दुधावर येताना चार-पाच दिवस दोन्ही मिसळून द्यावीत. दुसऱ्या आठवड्यापासून काफ स्टार्टर व कोवळा चारा समोर ठेवावा, पाणी कायम असावे. दुधाने वासरू जगते खरे, पण त्याचे कोठीपोट आंबोणाने घडते.

रोग : शेळीचे दूध कच्चे पाजावे की तापवून, हा या पद्धतीतील खरा प्रश्न आहे. शेळ्या धडधाकट दिसल्या म्हणून दूध निर्धोक ठरत नाही. याचा धडा माल्टा बेटावर मिळाला. तेथील ब्रिटिश सैनिकांना होणाऱ्या दीर्घ तापाचा जंतू डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये शोधला. तो ताप कशातून येतो हे मात्र १९०५ मध्ये थेमिस्टोक्लीस झामिट यांनी निरोगी दिसणाऱ्या स्थानिक शेळ्यांच्या रक्तात संसर्ग दाखवून दिल्यावरच उलगडले. दारोदार फिरून धार काढून दिले जाणारे शेळीचे दूध सैनिकांच्या आहारातून काढताच रुग्णसंख्या कोसळली. हाच जंतू, ब्रुसेला मेलिटेन्सिस, शेळ्यांकडून गुरांतही येऊ शकतो. लहान वयात संसर्ग झालेली बरीचशी वासरे त्यातून मुक्त होतात, सर्व होत नाहीत, आणि एखादी कालवड पहिल्या वेतात गाभडेपर्यंत काही कळत नाही. गुरांतील नेहमीचा गर्भपाताचा जंतू, ब्रुसेला अबॉर्टस, वेगळा. त्याविरुद्धची एस-१९ लस चार ते आठ महिन्यांच्या फक्त कालवडींना व वगारींना एकदाच टोचतात. लाळ्या-खुरकूत व ब्रुसेलोसिस यांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१९ मध्ये मथुरेत सुरू झाला.

जोन रोग अधिक कपटी आहे. ड्रेस्डेन येथे हाइन्रिख जोन यांनी १८९५ मध्ये त्याचे जंतू पाहिले. संसर्ग पहिल्या काही महिन्यांत होतो, लक्षणे दोन-तीन वर्षांनी दिसतात. जनावर खात असते, तरी पातळ हागत राहते आणि झिजत जाते. तोवर ज्या शेळीचे दूध पाजले ती बहुधा बाजार दाखवून झालेली असते, त्यामुळे दोष कोणाच्या माथी मारावा हे कळत नाही. भारतात शेळ्या, गाई व म्हशी यांत या जंतूचा एकच ‘बायसन’ प्रकार मोठ्या प्रमाणावर आढळतो, म्हणून शेळीकडून वासराकडे जाण्याची भीती येथे पुस्तकी नाही. मथुरा जिल्ह्यातील मखदूम येथील केंद्रीय शेळी संशोधन संस्थेने (स्थापना १९७९) या रोगावर दीर्घकाळ काम केले असून देशी प्रकारापासून लसही तयार केली आहे. जंतू दुधापेक्षाही लेंड्यांतून अधिक पडतो. सडाला चिकटलेली एक लेंडी धारेबरोबर भांड्यात पडली तरी पुरे.

क्यू ज्वर, क्षय व मायकोप्लाझ्मा हेही दुधातून जाऊ शकतात. शेळ्यांमधील सांधे-मेंदूदाहाला वासरांच्या रोगांत व्यवहारतः स्थान नाही. बाकीच्या जंतूंचा धोका टाळण्यासाठी दूध ६३° से. तापमानाला अर्धा तास किंवा ७२° से.ला १५ सेकंद तापवून, मग कोमट करून पाजावे. तापमापक नसेल तर एक उकळी आणावी. उकळल्याने दुधाच्या निवळीतील प्रथिने बदलून गुठळी आणखी सैल धरते, हा तोटा आहे, पण जोन रोगाच्या मानाने तो सोसण्याजोगा आहे. जोन रोगाचे जंतू तापवूनही क्वचित उरतात. तेव्हा झिजणाऱ्या, हागवणलेल्या शेळीचे दूध कोणत्याच वासराला देऊ नये. प्रतिजैविक टोचलेल्या शेळीचे दूधही टाळावे.

लंपी चर्मरोगाच्या २०२२ मधील साथीत महाराष्ट्रात अनेक वासरे पोरकी होऊन वरच्या दुधावर आली. त्या रोगाचा विषाणू शेळ्यांच्या देवीच्या विषाणूचा जवळचा नातेवाईक असल्याने गुरांना तेव्हा शेळीच्या देवीचीच लस टोचली गेली.

थेट शेळीला लावणे : शेळीला ओट्यावर उभी करून वासराला तिच्या सडाला लावण्याचा प्रकार छोट्या गोठ्यांत आढळतो. काही शेळ्या वासराला आपले म्हणून स्वीकारतात व त्याला पाहून पान्हा सोडतात. मात्र वासरू पिताना ढुसण्या देते. गाईची कास त्या सोसते, शेळीची सोसतेच असे नाही. शिवाय किती दूध प्यायले याचा अंदाज राहत नाही आणि दूध तापवून देण्याची सोय राहत नाही. पहिल्या पंधरवड्यानंतर बाटली बरी.

म्हशीची वासरे : म्हशीच्या दुधात स्निग्धांश ६–८% असतो, म्हणून वगारीला शेळीचे दूध सु. दीडपट द्यावे लागते. म्हशीच्या वासरांना होणारे मोठे गोल जंत आईच्या चिकातून व सुरुवातीच्या दुधातून येतात. वरच्या दुधावर आलेल्या रेडकालाही, चीक आईचा मिळाला असल्यास, दहाव्या ते पंधराव्या दिवसाच्या सुमारास जंताचे औषध द्यावे.

हिशेब : साठ दिवस रोज ३ लिटर म्हणजे १८० लिटर दूध. सानेन किंवा अल्पाइन शेळी दिवसाला ३–४ लिटर देते, तेथे एक शेळी एक वासरू सहज पोसते. उस्मानाबादी व संगमनेरी शेळ्यांचे दूध दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर, त्यात उस्मानाबादीला जुळी करडे नेहमीची. कोकण कन्याळ व बेरारी यांचीही गोष्ट फारशी वेगळी नाही. करडांचा वाटा वगळता एका संकरित वासरामागे चार-पाच शेळ्या धराव्या लागतात, आणि उपाशी राहिलेल्या करडाचे घटलेले वजन बाजारात लगेच मोजले जाते. तरीही शेतकरी हे करतो, कारण दूध संकलन केंद्रावर गाईचे दूध खपते, शेळीचे घेतले जात नाही, आणि ते गाईच्या दुधात मिसळणे ही भेसळ ठरते. चहापुरते ठेवून उरलेले शेळीचे दूध वासराला पाजले की त्याला पहिल्यांदा किंमत येते. शहरांत औषधी म्हणून ते गाईच्या दुधापेक्षा महाग विकले जाते. तेथे हा हिशेब उलटतो आणि ही पद्धतही थांबते.

देशी वासरे : खिल्लार, डांगी, देवणी यांची वासरे जन्मतः लहान असल्याने त्यांना दूध कमी लागते.

गोऱ्हे : कालवडींसारखेच, मात्र व्यवहारात दूध आधी कालवडीला मिळते.