शिधापत्रिकेवरील नाव : १९४३ची मुंबई आणि १९४३चा बंगाल

‘शिधा’ हा मराठीतील जुना शब्द आहे. पंक्तीस न बसणाऱ्या ब्राह्मणाला, दारी आलेल्या वाटसरूला, मुक्कामाला उतरलेल्या शिपायाला जे कोरडे धान्य, डाळ, पीठ, मीठ द्यावयाचे, तो शिधा. शिपायाच्या बाबतीत तो चाकरीचा भाग असे; इतरांच्या बाबतीत देणाऱ्याची मर्जी किंवा त्याचा धर्म. घेणाऱ्याने शिधा मागावा आणि देणाऱ्याने तो नाकारू नये, असे बंधन फारसे कोठे नव्हते. या शब्दाला ‘पत्रिका’ जोडली गेली आणि त्याचा अर्थ पालटला. दानाच्या परिभाषेतील शब्द हक्काच्या परिभाषेत आला. बोलण्यात मात्र आपण सर्वांनी ‘रेशन’च स्वीकारले, आणि तोही मूळचा फौजेचाच शब्द. खेड्यापाड्यांतील माणसाने ‘कंट्रोल’ हा आणखी एक शब्द उचलला. रेशनच्या दुकानाला ‘कंट्रोल’ म्हणणारी माणसे आजही भेटतात. दुसऱ्या महायुद्धाने मराठीला रणांगणावरील शब्द थोडे दिले. जे दिले ते बहुतेक दुकानाच्या पायरीवरचे आहेत. ‘काळाबाजार’ हा त्यांतला सर्वांत टिकाऊ.

हे युद्ध हिंदुस्थानात आले ते न विचारता. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी देश युद्धात असल्याचे जाहीर केले आणि त्याच्या निषेधार्थ काँग्रेसची प्रांतिक मंत्रिमंडळे पायउतार झाली. मुंबई प्रांताचा कारभार गव्हर्नरांच्या हाती गेला. पहिली दोन वर्षे युद्ध दूरचे होते. मार्च १९४२मध्ये रंगून पडले आणि ते स्वयंपाकघरात शिरले. ब्रह्मदेशातून दरवर्षी येणारा दहा-पंधरा लाख टन तांदूळ बंद झाला. संपूर्ण देशाच्या उत्पादनाच्या मानाने हा आकडा मोठा नव्हता. पण हा तांदूळ ज्यांच्या ताटात जात असे, त्या मुंबई, कोकण, मलबार, त्रावणकोर, कोचीन यांच्या दृष्टीने तो जगण्याचा आधार होता. शिवाय रेल्वेच्या वाघिणी फौजेच्या कामाला लागलेल्या. सरकार युद्धाचा खर्च नोटा छापून भागवीत होते. युद्ध संपेपर्यंत चलनातील नोटा पाच पटींहून अधिक वाढल्या. धान्य धरून ठेवणे हा त्या काळी सर्वांत शहाणपणाचा व्यवहार ठरला, आणि केवळ पेढीवाल्यांनीच नव्हे, तर ज्यांना शक्य होते त्या सर्वांनी तो केला.

मुंबईत शिधावाटप सुरू झाले ते मे १९४३मध्ये. एवढ्या मोठ्या शहरात ते प्रथमच होत होते. १९४१च्या शिरगणतीत सुमारे पंधरा लाख असलेली वस्ती युद्धाच्या कामाधंद्यामुळे झपाट्याने वाढत होती. माणसे मोजावयाची, घरे मोजावयाची, प्रत्येक कुटुंबाला कार्ड द्यावयाचे, ते कार्ड एका दुकानाला बांधावयाचे आणि त्या दुकानाला नेमके तेवढे धान्य पुरवावयाचे, असा हा व्याप होता. गिरगावच्या चाळीतील कारकून, परळचा गिरणी कामगार आणि मलबार टेकडीवरील बंगलेवाला यांना माणशी सारखेच धान्य मिळावे, हे तत्त्व कागदावर तरी मान्य झाले. ज्या राज्यसत्तेने या देशातील माणसांना जात, धर्म, वतन आणि उत्पन्न यांप्रमाणे वेगवेगळे मोजले होते, तिने प्रथमच त्यांना पोटाप्रमाणे मोजले. या गोष्टीचे महत्त्व आपल्या सामाजिक इतिहासकारांनी पुरेसे ओळखलेले नाही, असे मला वाटते.

दैनंदिन जीवनात याचा अर्थ काय झाला, ते स्वयंपाकघरात पाहावे लागते. मराठी घरात धान्य मापाने मोजले जाई : पायली, शेर, चिपटे, निठवे. सरकारी हिशेब वजनाचा होता, पौंड-औंसांचा. पिढ्यान्‌पिढ्या हाताच्या अंदाजाने भात टाकणाऱ्या बाईला आता आठवड्याचे वजन सात दिवसांवर आणि घरातील माणसांवर वाटून द्यावे लागले. पाहुणा आला की हे गणित मोडे. आतिथ्य हा ज्या समाजात घराच्या अब्रूचा भाग, तेथे ‘जेवून जा’ म्हणण्यापूर्वी डब्याकडे पाहावे लागणे ही लहान गोष्ट नव्हती. भात खाणाऱ्या कोकणी माणसाच्या वाट्याला तांदूळ कमी आणि गहू, बाजरी येऊ लागली. कोकणातून आलेल्या कित्येक बायका पोळी शिकल्या त्या हौसेने नव्हे. देशावरच्या माणसाला ज्वारी हवी असे आणि ती दर वेळी मिळेच असे नाही. आज ज्याला आपण मुंबईचे संमिश्र जेवण म्हणून कौतुकाने मिरवतो, त्याची मुळे शोधताना या सक्तीचाही विचार करावयास हवा.

भोवतीचे इतर आयुष्यही आक्रसले होते. खिडक्यांना काळे कागद, दिव्यांना झाकणे, रॉकेलची टंचाई, कापडावर १९४३पासून नियंत्रण. सुटी नाणी बाजारातून नाहीशी झाली. रुपयातील चांदी १९४०मध्येच घटली होती. १९४३मध्ये मधोमध भोक असलेला तांब्याचा पैसा आला. धातूही शिध्यानेच वाटला जात असल्याची ही खूण होती. त्यातच १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ या जहाजाचा स्फोट झाला. शेकडो माणसे मेली, गोदीलगतची वस्ती जळाली. गोदामांतील धान्याचे मोठे साठेही त्या आगीत गेले. ज्या शहराचे अन्न समुद्रातून येत होते, त्याच्या कोठारालाच आग लागली. तरीही शिधावाटप कोसळले नाही. पहिल्या वर्षात बसलेली घडी टिकली, याचे श्रेय या यंत्रणेला दिले पाहिजे. ती परकीय सरकारने आपल्या युद्धासाठी उभारली होती, हे मान्य करूनही.

या हेतूकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. मुंबईची पोटे भरावयाची ती गिरण्या, गोद्या आणि रेल्वे चालू राहाव्यात म्हणून. गिरणगावात एकटा राहणाऱ्या रत्नागिरीच्या कामगाराचे नाव कार्डावर होते. त्याची बायको आणि मुले गावी होती, आणि मे १९४३ची योजना मुंबई शहरापुरती होती. एकाच कुटुंबाचा निम्मा भाग रांगेत आणि निम्मा रांगेबाहेर राहिला. पुढे मुंबई प्रांताने शेतकऱ्यांवर लेव्ही बसवली आणि शिधावाटपाचा विस्तार केला, हे खरे. त्याच प्रांतातील विजापूर जिल्ह्यात १९४२-४३मध्ये दुष्काळ पडला, तेव्हा तो दुष्काळसंहितेप्रमाणे जाहीर होऊन मदतीची कामे निघाली, हेही खरे. तरी शहराला अन्न हक्काने आणि खेड्याला मदत म्हणून, हा भेद राहिलाच.

हा भेद ताणला गेला तर काय होते, ते त्याच वर्षी बंगालमध्ये दिसले. तेथील नदीकाठच्या जिल्ह्यांत जपानी सैन्य उतरेल, या भीतीने सरकारने १९४२मध्ये होड्या काढून घेतल्या किंवा नष्ट केल्या, आणि काही भागांतील तांदूळही उचलला. ऑक्टोबर १९४२मध्ये मिदनापूरला चक्रीवादळाने झोडपले. कलकत्त्यात डिसेंबर १९४२मध्ये मणाला तेरा-चौदा रुपये असलेला तांदूळ मार्चमध्ये एकवीस, मे महिन्यात तिसाच्या वर आणि ऑगस्टमध्ये सदतीस रुपयांवर गेला. मुंबईत कार्डे वाटली जात होती, त्याच मे महिन्याचा हा भाव आहे. कलकत्त्याकडे दुर्लक्ष झाले होते असे नव्हे. तेथेही ‘अग्रक्रमाचे वर्ग’ होते. व्यापारी मंडळाच्या योजनेतून कारखान्यांतील कामगारांना, सरकारी नोकरांना सवलतीचे धान्य मिळत होते, आणि ते खेड्यांतूनच, वाटेल त्या भावाने, खेचून आणले जात होते. मेले ते बाहेरचे : भूमिहीन मजूर, कोळी, नावाडी, ढेंकीवर धान कांडून पोट भरणाऱ्या बायका. सरकारी चौकशी आयोगाने १९४५मध्ये मृतांचा आकडा सुमारे पंधरा लाख दिला. नंतरच्या अभ्यासकांनी तो तीस लाखांच्या आसपास नेला. अमर्त्य सेन यांनी १९८१मध्ये मांडले की हा प्रश्न मूलतः धान्याच्या एकूण साठ्याचा नव्हता, ते मिळविण्याच्या सामर्थ्याचा होता. त्यांच्या आकडेवारीवर वाद झाले आहेत. पण कोण मेले, याची त्यांनी मांडलेली यादी त्या वादांनी बदलत नाही.

दुष्काळ अधिकृतपणे जाहीर झालाच नाही. ऑगस्ट १९४३मध्ये लंडनच्या युद्धमंत्रिमंडळाने मागणीच्या मानाने अगदी अपुरी जहाजे दिली. त्याच महिन्यात ‘स्टेट्समन’चे संपादक इयान स्टीफन्स यांनी कलकत्त्याच्या रस्त्यांवरील प्रेतांची छायाचित्रे छापली, तेव्हा कोठे उरलेल्या देशाला आणि जगाला कळले. ऑक्टोबरमध्ये वटहुकूम निघाला तो निराधारांना रस्त्यांवरून गोळा करून शहराबाहेर नेण्याचा. कलकत्त्यात शिधावाटप सुरू झाले १९४४च्या जानेवारीअखेर, म्हणजे मरणाचा मोठा लोंढा ओसरू लागल्यावर. दरम्यान सप्टेंबर १९४३मध्ये ग्रेगरी समितीने एक लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत शिधावाटप करावे आणि प्रौढास रोज किमान एक पौंड धान्य मिळावे, अशी शिफारस केली होती. एक लाखांहून अधिक! खेड्यांत हे जमणार नाही, असे त्या काळी गृहीत धरले जाई. पण ब्रह्मी तांदळावर मुंबईहूनही अधिक विसंबलेल्या त्रावणकोर-कोचीनने ग्रामीण भागालाही शिधावाटप लागू केले होते. तेव्हा ‘जमत नव्हते’ या म्हणण्याला फारसा अर्थ उरत नाही.

आता साहित्याकडे वळू. बंगालीत या वर्षाने एक सबंध वाङ्मय निर्माण केले. बिजन भट्टाचार्यांचे ‘नवान्न’ १९४४मध्ये रंगभूमीवर आले. ताराशंकरांची ‘मन्वंतर’ आणि बिभूतिभूषणांची ‘अशनि संकेत’ या कादंबऱ्या आहेत. चित्तप्रसाद आणि झैनुल आबेदीन यांची रेखाटने आहेत. हिंदीत अमृतलाल नागरांनी ‘महाकाल’ लिहिली, उर्दूत कृष्णचंदरांनी ‘अन्नदाता’. या साहित्यात पुन्हापुन्हा येणारा एक शब्द म्हणजे ‘फॅन’ : भात वेळून काढलेले पाणी. कलकत्त्याच्या दारोदार माणसे भात मागत नव्हती. तो मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होते. ती हे पाणी मागत होती. आपल्याकडे भात वेळणाऱ्या कोणत्याही घरात ते गाईच्या आंबोणात जाते. या शब्दाचे मराठीत भाषांतर करताना मी स्वतः अडखळलो आहे. ‘पेज’ म्हणावे तर आपली पेज हे जेवण आहे, आजाऱ्याला प्रेमाने दिले जाते. कोणत्याही मराठी शब्दात ती लाचारी उतरत नाही, कारण आपल्याला तिची गरज पडली नव्हती.

मराठी साहित्यात या काळाचे जे चित्र उमटले, ते प्रामुख्याने रांगेचे आहे. मध्यमवर्गीय कथेत, विनोदी लेखनात रेशन येते ते अडचण म्हणून, फजिती म्हणून, काळ्याबाजारावरील कोटी म्हणून. मी त्याला कमी लेखत नाही; ज्याचे नाव कार्डावर आहे त्यालाच रांगेची थट्टा परवडते, एवढेच. मर्ढेकरांची ‘काही कविता’ १९४७मध्ये आली. तिच्यातील यंत्रबद्ध, क्रमांकात जगणाऱ्या माणसाचे मूळ आपण पाश्चात्त्य आधुनिकतेत शोधत आलो. ते तेथे असेलही. पण ती ज्या मुंबईतून आली, तेथे माणूस खरोखरच कार्डावरील क्रमांक झाला होता, ही साधी गोष्ट आमच्या समीक्षेने (त्यात माझीही आली) बाजूला ठेवली.

अपवाद आहे तो शाहिरांचा. मुंबईत शिधावाटप सुरू झाले त्याच मे १९४३मध्ये, त्याच शहरात, ‘इप्टा’ची स्थापना झाली. बंगालचे कलापथक गाणी आणि नृत्ये घेऊन मुंबईत आले. दुष्काळग्रस्तांसाठी निधी जमला. अण्णा भाऊ साठे तेव्हा माटुंग्याच्या लेबर कॅम्पमध्ये राहत होते. वाटेगावाहून पायी मुंबई गाठलेल्या या माणसाला भूक वर्णनातून कळावी लागली नव्हती. त्यांनी ‘बंगालची हाक’ हा पोवाडा रचला. वीरांच्या पराक्रमासाठी घडलेला हा रचनाप्रकार त्यांनी भुकेने मरणाऱ्या अनाम माणसांसाठी वापरला, तोही अशा श्रोत्यांपुढे ज्यांच्या खिशात त्या आठवड्याचे कार्ड होते. पांढरपेशा मराठी साहित्याने जे अंतर ओलांडले नाही, ते गिरणगावातील एका मैदानावर ओलांडले गेले.

युद्ध संपल्यावरही रांगा संपल्या नाहीत. १९४६च्या प्रारंभी प्रौढाचा शिधा सोळा औंसांवरून बारा औंसांवर आला. त्याच फेब्रुवारीत मुंबईच्या ‘तलवार’ या नाविक ठाण्यावरील खलाशांनी बंड केले, आणि त्यांची पहिली तक्रार निकृष्ट जेवणाची होती. संपकरी खलाशांच्या पाठिंब्यासाठी गिरणी कामगार रस्त्यावर उतरले. गोळीबारात शेकडोंनी मेले ते बहुतांशी हेच, कार्डावर नाव असलेले लोक. १९४७च्या अखेरीस, गांधीजींच्या आग्रहामुळे, धान्यावरील नियंत्रणे सैल झाली. भाव भडकले आणि १९४८च्या उत्तरार्धात ती पुन्हा आली. मुंबईकरांनी मधल्या काळात आपली जुनी कार्डे फेकून दिली नव्हती.